उंच माणसाची फटफटी

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी फटफटी घ्यावयाची म्हणतो, हे ऐकून आमच्या घरात प्रथम कोणी काहीच बोलले नाही. थोरले बंधू, वहिनी, पुतणे, सुना, नातवंडे मिळून आम्ही चौदा माणसे एका छपराखाली राहतो. इतक्या जणांनी एकदम गप्प बसणे हे विरोधाचेच एक रूप होय, हे एकत्र कुटुंबातील वाचकांस सांगावयास नको. अखेर थोरला पुतण्या म्हणाला, "काका, घ्यायचीच तर स्कूटर घ्या. गियरची कटकट नाही." म्हणणे वाजवी होते. परंतु माझी उंची सहा फूट दीड इंच. स्कूटरवर बसलो की गुडघे हँडलास भिडतात, आणि वळण घ्यावयाचे तर आधी गुडघ्याची अनुमती काढावी लागते.

माझ्यापाशी पूर्वी फटफटी होती. १९८४ साली मी जुनी बुलेट घेतली. हे यंत्र मूळचे विलायतेचे. १९५५ पासून ते मद्रासेस तयार होऊ लागले. ती चालू करणे हा एक विधीच असे. डाव्या हाताची बारीक कळ दाबावयाची, अँपिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हलकेच खाली न्यावयाची, आणि मग एकच लाथ. क्रम चुकला तर यंत्र पोटरीवर सूड उगवी. तिच्यावर बसून मी पंधरा वर्षे पूर्णेहून खेड्यातील शाळेत गेलो. १९९९ च्या आषाढात वसमतच्या वाटेवर काळ्या मातीचा चिखल होता, समोर शेळी आली, आणि आम्ही दोघे पडलो. मला खरचटले, मागे बसलेल्या आमच्या मंडळींचे मनगट मोडले. महिन्याच्या आत मी गाडी विकली. तिने विकावयास सांगितले नव्हते. मीही तिला विचारले नव्हते.

आता पुन्हा आरंभ करावयाचा तर आधी परवाना. त्याची मुदत संपून वर्ष उलटले की २०१९ च्या सुधारित कायद्याप्रमाणे पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि आमच्या वयास डॉक्टरांचा दाखलाही लागतो. पुतण्याच्या गाडीवर मोकळ्या मैदानात सराव करू लागलो, तेव्हा खरी अडचण ध्यानी आली. माझ्या जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाकडे असे व ब्रेक डाव्या. आता सर्वच गाड्यांचे नेमके उलट. मैदानात एक वासरू आडवे आले आणि माझा डावा पाय पंचवीस वर्षांपूर्वीच्या ब्रेकवर गेला. तेथे होता गियर. हाताचा ब्रेक वेळीच आठवला म्हणून वासरू वाचले. डोक्याने शिकलेले विसरता येते. पायाने शिकलेले विसरावयास फार दिवस लागतात. महिनाभर रोज पहाटे डाव्या पायाची शिकवणी घेतली, आणि मग परभणीस जाऊन चाचणी दिली.

त्यानंतर नांदेडच्या दुकानांत फेऱ्या सुरू झाल्या. माझा समज असा होता की, आसन जितके उंच तितकी गाडी उंच माणसास सोयीची. तो अर्धाच खरा निघाला. जमिनीपासून आसनाची उंची ही ठेंगण्या माणसाची चिंता. त्याचे पाय टेकले पाहिजेत. उंच माणसाने पाहावयाचे ते आसनापासून पाय ठेवण्याच्या दांडीपर्यंतचे अंतर. ते तोकडे असले की गुडघा घडी घातल्यासारखा मुडपतो, आणि अर्ध्या तासाने उठताना माणूस आपल्या वडिलांसारखा चालू लागतो. दुसरे अंतर आसनापासून हँडलापर्यंतचे. ते जुळले नाही तर सारा भार मनगटांवर पडतो. पतंजलींनी आसनापाशी स्थैर्य आणि सुख एवढेच मागितले. अर्थात त्यांच्या आसनाखाली मराठवाड्यातील रस्ता नव्हता.

मीटिअर नावाच्या गाडीचे आसन अवघे ७६५ मिलिमीटर उंच. पाय पुढे पसरून आरामखुर्चीप्रमाणे बसावयाचे. बसताक्षणी मला स्वर्गसुख वाटले. परंतु पाय पुढे असले की खड्डा आल्यावर पायांवर भार देऊन किंचित उठता येत नाही, आणि धक्का थेट माकडहाडास पोचतो. नव्या हिमालयनचे आसन ८२५, वर चढवून ८४५. ती मात्र माझ्या मापाची! दांडीवर उभे राहून पाहिले, गुडघे मोकळे, पाठ सरळ. मी घरी येऊन आनंदाने सांगितले. मंडळी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आणि मी शिडी लावून चढू का?"

ती मागे बसणार आहे, हे मला ठाऊकच नव्हते! पंचवीस वर्षे मी समजत होतो की ती त्या पडण्यास भ्याली. तसे मी बोललो, तेव्हा तिने भाजीचे ताट बाजूस सारले. "पडण्याचे भय नव्हते हो. आडवी बसलेली मी. समोर पाहावे तर तुमची पाठ. शेळी तुम्हांला दिसली. मला एकदम चिखलच दिसला."

दुसऱ्या खेपेस आम्ही दोघे नांदेडास गेलो. धाकट्या सुनेचा सलवार-कुडता घालून ती प्रत्येक गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसली. वहिनींस हे अद्याप सांगितलेले नाही. शेवटी क्लासिक ३५० ठरली. आसन ८०५, मागचे आसन निराळे आणि पुढच्याहून किंचित वर. किक नाही, ह्याचे मला थोडे वाईट वाटले. वजन १९५ किलो, तेव्हा अंगणात स्टँडवर चढविणे पुतण्याकडे.

माझ्या गुडघ्यांस अजून थोडी उंची हवी होती, म्हणून गाडी कुशनच्या कारागिराकडे नेली. पुढच्या आसनात दोन बोटे फोम घालावयाचा ठरले. तो मापे लिहू लागला, तोच मागून आवाज आला, "हे दोन बोटे वर गेले तर माझे काय?" कारागीर हसला. मागच्या आसनात तीन बोटे घालावयाचे ठरले. चढावयास जड जाईल असे मी म्हणून पाहिले, तर म्हणाली, "ओट्याशी लावा गाडी. मी ओट्यावरून बसेन."

गुरुवारी आसने मिळावयाची आहेत.