सेक्टर 9 मधली पुराव्याची शाळा

दिवाळीच्या सुट्टीत लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात. आम्ही तिघे मात्र गांधीनगरला गेलो. निमित्त होते लेकीचे. ती बारावी सायन्सला आहे आणि तिला डिजिटल फॉरेन्सिक शिकायचे आहे. हे ऐकून तिची नानी म्हणाली, "पोरीच्या जातीने मयतांच्या मागे कशाला लागायचे?" मयतांचा या शाखेशी काही संबंध नाही, हे नानीला समजावण्याआधी आम्हालाच समजून घ्यायचे होते.

लेकीच्या मनात हे कसे आले, तेही सांगायला हवे. गेल्या वर्षी आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या नावाने कुणीतरी खोटे खाते उघडून वाईट मजकूर टाकला. पोराला आठवडाभर चौकीच्या चकरा माराव्या लागल्या. ते खाते दुसऱ्याच मोबाइलवरून चालत होते, हे तपासात निघाले तेव्हा तो सुटला. त्याची अम्मी आमच्या ओट्यावर बसून रडली. लेक दाराआडून सगळे ऐकत होती.

सकाळी अहमदाबादेत उतरलो. सिदी सय्यदच्या मशिदीत दोन रकात नफिल पढून ती प्रसिद्ध जाळी पाहिली. 1572-73 चे हे काम. दगडात कोरलेल्या झाडाच्या फांद्या एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की कोणती कुठून निघाली, हे शोधायला डोळे बारीक करावे लागतात. "अब्बा, हेच तर काम आहे," लेक म्हणाली.

तिथून बसने गांधीनगर. रुंद रस्ते, दुतर्फा झाडी, आणि पत्ता विचारला की सेक्टरचा आकडा. सेक्टर 9 मध्ये राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. आधी ते गुजरात राज्याचे होते. 2020 मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय दर्जा दिला. प्रयोगशाळा परवानगीशिवाय पाहता येत नाहीत. पण प्रवेशाची माहिती मिळाली आणि चहाच्या टपरीवर परभणीकडची एक विद्यार्थिनी भेटली. मराठी ऐकून तीच पुढे आली.

तिने सोप्या भाषेत सांगितले. जप्त केलेला मोबाइल किंवा हार्ड डिस्क थेट उघडत नाहीत. आधी तिची हुबेहूब प्रत काढतात आणि तपास त्या प्रतीवर करतात. प्रतीचा 'हॅश' काढतात, म्हणजे गणिताने निघणारी एक खूण. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात, कलम 63 खाली द्यायच्या प्रमाणपत्रात ही खूण लिहावी लागते आणि तज्ज्ञाची सहीही लागते. 1 जुलै 2024 पासून सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञाने जाण्याची तरतूदही आली आहे. म्हणजे माणसे लागणारच.

नोकऱ्या कुठे? राज्यांच्या आणि केंद्राच्या प्रयोगशाळा, पोलिसांचे सायबर विभाग, बँका, हिशेब तपासणाऱ्या कंपन्या, आयटी क्षेत्र. सरकारी जागा मात्र जाहिरात निघेल तेव्हाच. म्हणून कोडिंग पक्के हवे, असे तिने बजावले. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या सायबर सिक्युरिटी अभियांत्रिकीला जेईई लागते. एमएस्सीला विद्यापीठाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते.

परतताना लेकीच्या अम्मीने खरा प्रश्न काढला, "इतक्या लांब एकटी?" तेव्हा आम्ही काझी अझीझुल हक यांची गोष्ट काढली. खुलन्याकडचा हा मुलगा गणित शिकायला कलकत्त्याला गेला. 1897 मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग निघाला, तिथे त्यांनी आणि हेमचंद्र बोस यांनी काम केले. दहा बोटांच्या पाच जोड्या, प्रत्येक जोडीच्या चार शक्यता, असे 1024 कप्पे झाले. हजारो ठशांतून हवा तो ठसा काढणे त्यामुळे सोपे झाले. नाव मात्र साहेबाचे झाले आणि ती पद्धत हेन्रींच्या नावाने जगभर गेली. संगणक नव्हता, पण गणिताने गुन्हेगार ओळखायचे हे काम आपल्याच माणसांनी उभे केले होते. सूरह अल-कियामामध्ये बोटांच्या टोकांचा उल्लेख आहे, तोही आठवला.

अम्मी गप्प झाली. मग म्हणाली, "आधी जवळचे बघू." तेही खरे. मुंबई, औरंगाबाद आणि नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, आणि गांधीनगरच्या विद्यापीठाची शाखा गोव्यातही आहे. औरंगाबादेत तर आमची फुफी राहते.

अर्ज दोन्हीकडे भरायचा, असे ठरले. खबर आली तर खात्री करून घ्या, ही शिकवण आपल्याला आहेच. आमची लेक तीच शिकायला निघाली आहे. घरी आल्यावर नानीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "म्हणजे त्या पोरासारखी पोरे सुटतील ना?"

इन्शाअल्लाह.