म्हैसूरचे ताडपत्री धन

म्हैसूरला गेल्यावर राजवाडा आणि चामुंडीची टेकडी आपण पाहालच. परंतु एक सकाळ प्राच्यविद्या संशोधन संस्थेसाठीही राखून ठेवा. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या 1887 मधील सुवर्णमहोत्सवानिमित्त उभारलेली ही वास्तू आहे. 1891 साली स्थापन झालेले येथील ग्रंथालय 1916 मध्ये नव्या म्हैसूर विद्यापीठाकडे आले.

येथे हजारो हस्तलिखिते आहेत आणि त्यांतील पुष्कळशी ताडपत्रांवर आहेत. लोखंडी लेखणीने पानावर अक्षरे कोरावयाची, वर काजळी चोळावयाची, की ती उठून दिसतात. कसर लागू नये व पाने लवचिक राहावीत म्हणून त्यांना सुगंधी गवताचे तेल लावतात.

1905 च्या सुमारास तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने अशीच एक पोथी येथे आणून दिली. भाषा संस्कृत, लिपी दक्षिणेतील ‘ग्रंथ’. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली आणि ओळखले, की हे कौटिल्याचे अर्थशास्त्र! दंडीसारख्या जुन्या लेखकांनी उल्लेखिलेला हा ग्रंथ लुप्त झाला, असेच विद्वान समजत होते. 1909 मध्ये त्यांनी मूळ संहिता व 1915 मध्ये इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे इतर पोथ्याही मिळाल्या. त्या ताडून पाहून प्रा. कंगले यांनी सिद्ध केलेली आवृत्ती मुंबई विद्यापीठाने 1960 ते 1965 या काळात तीन भागांत प्रकाशित केली.

या ग्रंथात केवळ राजकारणच आहे असे नव्हे. शेजारी आग लागली असता मदतीस न धावणाऱ्या गृहस्थाला बारा पण दंड सांगितला आहे. घराबाहेर न पडणाऱ्या निराधार स्त्रियांना दासींकरवी सूतकताईचे काम पोहोचवावे, अशीही आज्ञा आहे. सूत घेऊन पहाटे कोठारात येणाऱ्या स्त्रीसमोर दिवा ठेवावयाचा तो सूत पारखण्यापुरताच. तिच्या मुखाकडे पाहणारा अधिकारी दंडास पात्र!

विचार करा, त्या दिवशी ‘ग्रंथ’ लिपी जाणणारा कोणी तेथे नसता तर? ताडपत्र अमर नाही. पूर्वी पोथी जीर्ण होण्यापूर्वी तिची नवी नक्कल होई. आज छायाचित्रे घेता येतात, पण छायाचित्र स्वतः वाचत नाही. जुन्या लिपी शिकलेली माणसेच हवीत. आपल्या माळ्यावर एखादे जुने बासन असेल, तर ते रद्दीत किंवा नदीत टाकण्यापूर्वी अशा जाणत्याला अवश्य दाखवा.