बॉनचा सूर्यास्त

जून महिन्यात चोपड्याला सूर्य सातनंतर दहा-बारा मिनिटांनी मावळतो. आमच्या घरी ही वेळ कोणाला घड्याळात पाहावी लागत नसे. तासभर आधी दादीजींचा निरोप दुकानात येई आणि वडील व काका आळीपाळीने गादीवरून उठून जेवून येत. ऐन कापसाच्या हंगामात, दिवस पावणेसहालाच मावळत असताना आणि दारात गाड्या उभ्या असतानाही, हा क्रम चुकलेला मी पाहिला नाही.

१९९८ साली दहावीची परीक्षा दिल्यावर रोटरीच्या युवक आदानप्रदान योजनेतून सहा आठवड्यांसाठी जर्मनीतील बॉन येथे जाण्याची संधी मला मिळाली. योजना साधी होती. आपला मुलगा त्यांच्या घरी राहावयाचा, पुढे त्यांचा मुलगा आपल्या घरी. आमच्याकडे उन्हाळ्याची सुट्टी असते तेव्हा तिकडच्या शाळा चालू असतात, म्हणून मी तेथील वर्गातही बसणार होतो. दादीजींची अट एकच होती. चौविहार आणि कंदमुळांचा त्याग सुटता कामा नये. मी पच्चक्खाण घेतले. खाखरे, मुगाचे पापड आणि शेव यांनी निम्मी बॅग भरली. कपड्यांना उरलेली जागा मिळाली.

फ्रँकफुर्टहून बॉनकडे जाताना रेल्वे बराच वेळ ऱ्हाईन नदीच्या काठाने धावते. मे महिन्यात तापीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू अधिक पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना ती भरून वाहणारी नदी, तिच्यावरून मालाने लादलेली लांबलचक जहाजे आणि दोन्ही तीरांच्या उतारांवरचे द्राक्षांचे मळे पाहून हेवाच वाटला. बॉन त्या वेळी जर्मन संसदेचे गाव होते. संसद बर्लिनला गेली ती पुढच्या वर्षी. राजधानी म्हणावी असा थाट मात्र कोठे दिसला नाही. लोक सायकलीवरून बाजारहाट करीत होते.

पहिली अडचण सूर्याचीच निघाली. तो मावळेचना! मे महिन्यात नऊपर्यंत आणि जूनमध्ये पावणेदहापर्यंत ऊन. रविवारी दादीजी बाजारातल्या टेलिफोन बूथवर येत. मी विचारले, "नऊ वाजता जेवलो तर चालेल का? सूर्य तर वर असतो."

बूथवरचे मीटर पळत होते. दादीजी म्हणाल्या, "सूर्य तिथला असला तरी पोट इथलंच ना, बेटा? ते लोक जेवतात तेव्हाच तूही जेव." ते लोक साडेसहाला पाव आणि चीज खाऊन मोकळे होत. चीजच्याही किती तऱ्हा वासराच्या जठरातील रसाने गोठवलेल्या असतात, हे त्या घरच्या आईनेच मला सांगितले. मग ती दुकानदाराला विचारून विचारून चीज आणू लागली.

बटाट्याविना जर्मन ताट म्हणजे भाकरीविना खानदेशी ताट. माझा नकार त्या घराने मुकाट्याने मानला. पण पांढऱ्या शतावरीपाशी पेच पडला. तो तेथील या ऋतूचा मानाचा पदार्थ. चोवीस जूनला तिचा हंगाम संपतो, म्हणून घरोघरी ती आवडीने खाल्ली जाते. "हे मूळ नव्हे, कोंब आहे," असे ती माउली सांगे. शेवटी तिने मला जवळच्या बोर्नहाइमला शेतावर नेले. मातीचे उंच वरंबे, आणि त्यांच्या पोटात उन्हापासून लपवून पांढरे राखलेले कोंब. कोंब होते हे खरे. पण निघत होते मातीतून, आणि मी खाल्ले नाहीत. माझा निर्णय बरोबर होता की नाही, याबद्दल आजही आमच्या घरात दोन मते आहेत.

चूक झाली ती दुसरीकडेच. शाळेत मधल्या सुट्टीत मुले रंगीत, मऊ गोळ्या वाटीत. पंधरा दिवस मी त्या रोज घेत होतो. एके संध्याकाळी खिशातले पाकीट त्या आईच्या हाती लागले. तिने मागची बारीक अक्षरे वाचली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. गोळ्यांत जिलेटिन होते, डुकराच्या कातड्यापासून केलेले. त्या रविवारी दादीजींनी नेहमीप्रमाणे विचारले, "काही चुकलं तर नाही ना?" मी म्हणालो, "नाही."

त्याच आठवड्यात त्या घरच्या वडिलांनी मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेले. जैन मुलगा घरी येणार म्हणून त्यांनी चौकशी केली होती. याच विद्यापीठात १८८९ ते १९२२ या काळात हर्मन याकोबी प्राध्यापक होते. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र परंपरा आहे, हे पाश्चात्त्य विद्वानांना पटवून देणारे ते हेच. तरुणपणी, १८७३-७४ च्या सुमारास, हस्तलिखितांच्या शोधात ते राजस्थानात हिंडले होते. त्यांचा आचारांग आणि कल्पसूत्राचा १८८४ साली ऑक्सफर्डहून निघालेला इंग्रजी अनुवाद माझ्यापुढे आला. पृथ्वी, पाणी, अग्नी, वनस्पती, वायू यांतील जीव आणि त्यांना अजाणता होणारी इजा हा आचारांगाचा आरंभ. चोपड्याच्या स्थानकात लहानपणापासून हे शब्द कानांवरून गेले होते. त्यांचा अर्थ मी प्रथम वाचला तो बॉनमध्ये, अडखळत्या इंग्रजीत. अर्ध्या तासाने पुस्तक मिटले. गोळ्या नकळत खाल्ल्या होत्या. "नाही" मात्र जाणूनबुजून म्हटले होते.

घरी आल्यावर बॅग उघडण्यापूर्वीच दादीजींना सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आयंबिल करावयास लावले. बिनमिठाचा, बिनतेलाचा भात माझ्या घशाखाली उतरेना. मान वर केली तर दादीजींच्या ताटातही तेच होते.

ऑक्टोबरात त्यांचा मुलगा चोपड्याला आला. आईने त्याच्याबरोबर गोळ्यांचा पुडा पाठवला होता, आणि त्यावर कागद चिकटवून आत काय काय आहे ते स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत लिहिले होते. दादीजींनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला व मगच पुडा फोडला. पहिल्या दिवशी सव्वापाचला ताट पुढे आले तेव्हा पाहुण्याला भूक नव्हती. आठवड्याभरात मात्र तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून पश्चिमेकडे पाहू लागला, आणि घरचा निरोप येण्याआधीच वडिलांना हात करून सांगू लागला, "पप्पा, चला!"