स्वस्त वाट

आमच्या शाळेच्या ईपीएबीएक्समध्ये एक तक्ता भरलेला आहे. नंबरचे पहिले आकडे पाहून यंत्र ठरवतं: मोबाईलचा कॉल सिमच्या लाइनवरून, बाकीचे लँडलाइनवरून. जी लाइन स्वस्त, तिथून फोन.

अब्बांचंही तसंच होतं. रात्री अकरानंतर एसटीडीला पाव दर, म्हणून ते बूथवर रांगेत थांबायचे. पण नानी गेल्या तेव्हा मामूंना त्यांनी भरदुपारी, पूर्ण दरात फोन लावला.

परवा वर्गात एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिच्या अम्मीला फोन लागेना. सिमची लाइन बिझी, आणि लँडलाइनवरून मोबाईल लावणं खर्चापायी बंद केलेलं. शेवटी माझ्या मोबाईलवरून लावला.

दुसऱ्याच दिवशी तक्त्यात एक ओळ वाढवून घेतली: स्वस्त लाइन बिझी असेल तर महागडी चालेल. काटकसर कुठे थांबवायची, हे अब्बांना ठाऊक होतं. यंत्राला ते आपणच सांगावं लागतं.