उल्केची लकेर

उल्का ही पाहण्याची वस्तू, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु आभाळ भरून आले की डोळे लाचार होतात. अशा वेळी हौशी निरीक्षक रेडिओला कान लावतो. सुमारे हजार किलोमीटरांवरील एफ. एम. केंद्र एरवी त्याला मुकेच असते; त्याच्या लहरी क्षितिजापलीकडून येत नाहीत. इतक्यात सुमारे १०० किलोमीटर उंचीवर उल्का जळते. तिच्या मार्गातील हवा विद्युत्भारित होते, लहरी तिच्यावरून परावर्तित होतात आणि गाण्याची एखादी लकेर क्षणभर उमटून विरते. निरीक्षक वहीत एक रेघ ओढतो. १९४७ साली इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे रडारने भर दिवसाचे मोठे उल्कावर्षाव उघडकीस आणले. सूर्यतेजात ते कोणाच्याच दृष्टीस पडले नव्हते! न दिसणारे नसतेच, असे मानणाऱ्याने ती वही एकदा अवश्य चाळावी.