पाथरवटांचे अंगण

एकाच विभागात शिकवणाऱ्या आम्हा दोघींमध्ये एका चित्रावरून गेली कित्येक वर्षे मतभेद होता. आम्ही दोघीही मराठीच्या. चित्रकलेचे रीतसर शिक्षण आम्हांला नाही. तरीही हा वाद एवढा का लांबला, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

चित्र कानालेत्तोचे. जोव्हान्नी आंतोनिओ कानाल (१६९७-१७६८) हा व्हेनिसचा चित्रकार. वडील बेर्नार्दो रंगभूमीसाठी पडदे रंगवत आणि मुलगाही आरंभी त्याच व्यवसायात होता. पुढे आपल्या नगराची दृश्ये रंगवून त्याने कीर्ती मिळवली. ही दृश्ये विकत घेणाऱ्यांत युरोपच्या सफरीवर निघालेले इंग्रज धनिक पुष्कळ होते. उत्सवी नौका, भव्य प्रासाद, निरभ्र आकाश असे मायदेशी मिरवण्याजोगे व्हेनिस त्यांना हवे असे, आणि ते कानालेत्तोने भरपूर पुरवले. मात्र सुमारे १७२५ साली रंगवलेले, लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले ‘पाथरवटांचे अंगण’ पाहताना असे वाटते की, आपण या नगरात दर्शनी दाराने न येता परसदारी येऊन उभे राहिलो आहोत.

चौक सान विदालचा. जवळच्या चर्चच्या कामासाठी तिथे तात्पुरता कारखाना मांडलेला आहे. ते चर्च मात्र चित्रचौकटीच्या बाहेरच राहिले आहे. दगडांचे ठोकळे इतस्ततः पडले आहेत, फळ्यांची खोपटी उभी आहेत, पाथरवट दगड घडवीत आहेत. एक स्त्री विहिरीचे पाणी शेंदते आहे, दुसरी सज्ज्यात बसून सूत काढते आहे. कपडे वाळत आहेत. खिडकीशी कोंबडाही आहे. मागे ग्रँड कॅनॉलचे पाणी, त्यावर गोंडोले आणि पैलतीरी सांता मारिया देल्ला कारिताचे चर्च व त्याचा उंच घंटामनोरा.

आणि डावीकडे, अगदी पुढे, एक लहान मूल पडले आहे. घाबरून त्याची लघवी सुटली आहे. त्याची आई हात पसरून त्याच्याकडे झेपावते आहे आणि वरच्या मजल्यावरून एक बाई हा प्रकार पाहते आहे.

आमचा वाद या कोपऱ्यापाशी होता. आमच्यापैकी समीक्षा शिकवणारी म्हणे, की हा प्रसंग रचनेची गरज आहे. उजवीकडील दगडांच्या पसाऱ्याला तोलून धरणारे काहीतरी डावीकडे हवे होते; आईच्या झेपेमुळे दृष्टी चौकात ओढली जाते आणि तिथून पाणी ओलांडून मनोऱ्यापर्यंत पोहोचते. कविता शिकवणारीला हे पटत नसे. तिच्या मते ती आई उशिरा पोहोचते आहे, आणि चित्राचे सारे कारुण्य त्या उशिरात आहे. त्यावर पहिली हसून म्हणे, “कारुण्य कसले? पुढच्या क्षणी ती त्याला उचलणारच आहे.”

काही वर्षांपूर्वी ‘साहित्य आणि अन्य कला’ या विषयाच्या तासाला आम्ही दोघींनी मिळून हे चित्र पडद्यावर दाखवले. रचना, प्रकाश, वास्तववाद असे सगळे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, मूल पडायच्या आधी ती बाई काय करत होती?”

आम्ही पुन्हा पाहिले. झाडू तिथेच होता. ती झाडत होती. मग लक्षात आले, की या चौकात जवळजवळ प्रत्येक जण कामात आहे. छिन्नी चालते आहे, सूत निघते आहे, पाणी वर येते आहे. कोणी क्षणभर थबकून पाहतही असेल. पण हातातले काम टाकून धावलेली ती एकटीच आहे.

तासानंतर शिक्षककक्षात समीक्षा शिकवणारी बराच वेळ गप्प होती. मग तिने जे सांगितले, ते इतक्या वर्षांच्या मैत्रीत कधी सांगितले नव्हते. तिचा मुलगा तीन वर्षांचा असताना एका मे महिन्यात ती घरी उत्तरपत्रिका तपासत बसली होती. बाहेरच्या पायऱ्यांवरून तो पडल्याचा आवाज तिने ऐकला, रडणेही ऐकले. समोरच्या उत्तरपत्रिकेवरील गुणांची बेरीज अर्धी झाली होती. ती पुरी करून ती उठली. मुलाचा हात मोडला होता. हात यथावकाश बरा झाला आणि मुलाला आज त्यातले काहीही आठवत नाही. अगोदर उठली असती तरी हात मोडायचा वाचला नसता, हे तिलाही ठाऊक आहे.

रचनेचा एवढा आग्रह धरणारी तीच का होती, हे त्या दिवशी आम्हां दोघींना कळले. पाहायचे टाळण्यासाठीही समीक्षेची परिभाषा उपयोगी पडते, आणि ती आम्ही वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आलो आहोत. आणि दुसरीच्या ‘कारुण्या’लाही झाडू कुठे दिसला होता?

चित्रातला तो घंटामनोरा १७४४ मध्ये कोसळला. कारिताच्या वास्तूत आता अकादेमिया हे कलासंग्रहालय आहे आणि कालव्यावर तिथे पूलही आला आहे. दृष्टीला ज्या मनोऱ्यापर्यंत पोहोचायचे होते, तो आता चित्रातच उरला. ती बाई मात्र अजून धावतेच आहे.

हे चित्र आम्ही अजूनही वर्गात दाखवतो. आता आरंभीच विचारतो, की ती आधी काय करत होती? मुले झाडू शोधू लागतात. त्या वेळी आमच्यापैकी एक जण खिडकीबाहेर पाहत असते. त्या उत्तरपत्रिकेवरची बेरीज बरोबर होती, एवढे तिला अजून आठवते.