पाठीतले पाणी

पाठीतले पाणी काढले की माणूस पांगळा होतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कोण पांगळा झाला, कधी झाला, हे कुणी सांगत नाही. पण वरोरला ओट्यावर बसलेल्या बायका हे वाक्य अशा सुरात म्हणतात की, उलट विचारायची छाती होत नाही. मीही कधी विचारले नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मात्र ते वाक्य आमच्याच घरी येऊन उभे राहिले. घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेली मी, तरी मला त्याचा सामना करता आला नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. बाबा बोटीवर खलाशी. ते दर्यावर गेलेले. माझ्या नऊ वर्षांच्या धाकट्या भावाच्या अंगात पंधरा दिवस ताप मुरला होता. तो चिडचिड करी, डोके धरून बसे. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. एका सकाळी उजेड नको म्हणून त्याने तोंड भिंतीकडे वळवले, आणि पाहतो तो त्याची मान वाकत नव्हती. त्या पावसाळ्यात शेजारच्या गुजरातेत चांदीपुरा विषाणूने मुले दगावल्याच्या बातम्या येत होत्या. आईच्या जिवाचे पाणी पाणी झाले. (हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९६५ साली आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरकडच्या चांदीपुरा गावी. एखाद्या गावाचे नाव जगभर जावे ते असे!)

तालुक्याहून आम्हाला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवले. तिकडे पालघरला ३० ऑगस्टला वाढवण बंदराची पायाभरणी व्हायची होती. सारा किनारा त्याच काळजीत. आम्हाला मात्र त्या दिवसांत वॉर्डाबाहेरच्या बाकापलीकडे जग नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "मणक्यातून पाणी काढून तपासावे लागेल. इथे सही करा."

आत्या एकदम म्हणाली, "नको गं बाई!" आईने माझ्याकडे पाहिले. "तू शिकलेली. तू सांग."

मी काय सांगितले? "बाबा येऊ देत."

डॉक्टरांनी दुसरी औषधे सुरू केली, पण नेमका रोग कळल्यावाचून नेमके औषध कसे देणार? ती रात्र तशीच गेली. सकाळी एक तरुण डॉक्टरीणबाई आमच्या बाकावर येऊन बसल्या आणि एका कोऱ्या कागदावर त्यांनी पेनाने पाठीचा कणा काढला. "मेरुरज्जू इथे संपतो," कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी रेघ मारून त्या म्हणाल्या. "आम्ही सुई घालतो ती खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मध्ये. तिथे पाण्यात नुसते मज्जातंतूंचे दोरे लोंबत असतात. घोड्याचे शेपूट म्हणतात त्याला. सुई आली की ते बाजूला सरतात." आईने तो कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि सही केली.

पाणी निघाले ते चमचाभर आणि दिसायला स्वच्छ. मला वाटले, चला, काही नाही. पण तपासणीत मेंदूच्या आवरणांचा क्षय निघाला.

मी कला शाखेची विद्यार्थिनी, मराठी घेऊन बी. ए. करणारी. पण घरी परतल्यावर जे मिळेल ते वाचले. मेंदू आणि मेरुरज्जू यांना तीन आवरणे असतात. मधल्याचे नाव कोळ्याच्या जाळ्यावरून पडले आहे (भिंतीवरचा कोळी, आमच्या किनाऱ्यावरचा नव्हे). त्याच्या आणि आतल्या नाजूक आवरणाच्या मध्ये हे पाणी खेळते. ते सगळे मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपास, पण शरीर दिवसाकाठी सुमारे पाचशे मिलिलिटर नवे तयार करते. म्हणजे काढलेले चमचाभर पाणी तासाच्या आत भरून येते! चौदाशे ग्रॅमच्या आसपासचा मेंदू या पाण्यात तरंगतो, तेव्हा त्याचे वजन पन्नासएक ग्रॅमच भरते. हे बाबांना सांगितले तर ते म्हणाले, "म्हणजे डोक्यातही बोटच आहे म्हणायची."

पण मला सर्वांत जास्त खिळवून ठेवले ते एका अडसराने. १८८५ साली पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सारे शरीर रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. पुढे १९१३ मध्ये त्याच्या शिष्याने, गोल्डमानने, तोच प्रयोग उलटा केला. रंग या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू रंगला, शरीर कोरे राहिले. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की, रक्तातले वाटेल ते आत शिरत नाही. बाबांच्या जाळ्याचा आस जेवढा, तेवढीच मासळी पार होते, तसेच काहीसे. फरक एवढाच की, इथे नुसता आकार चालत नाही. चरबीत विरघळणारे सहज जाते, साखरेला खास दार असते, बाकीच्यांनी बाहेर थांबायचे.

आणि गंमत म्हणावी की क्रूरपणा, हा पहारेकरी औषधालाही अडवतो. क्षयाच्या औषधांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड मेंदूत चांगली पोचतात, रिफॅम्पिसिन थोडेच, स्ट्रेप्टोमायसिन त्याहून अवघड. म्हणून फुप्फुसाच्या साध्या क्षयाला सहा महिने पुरतात, तिथे मेंदूच्या क्षयाला नऊ महिने ते वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात. भावाने त्या वर्षभर घेतल्या. एकही चुकवली नाही. आजी रोज सकाळी दारात उभी राहून त्याच्याकडून गिळून घेई.

तो वाचला. पण इस्पितळातल्या तिसऱ्या दिवशी त्याचा डावा हात लुळा पडला. मेंदूला रक्त नेणाऱ्या चार धमन्या त्याच्या तळाशी एक कडे करतात. टॉमस विलिस याने १६६४ मध्ये आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि त्यातली चित्रे काढली क्रिस्टोफर रेनने, ज्याने पुढे लंडनचे सेंट पॉल चर्च बांधले. एक वाट बुजली तर दुसरीकडून रक्त यावे, अशी ही सोय. पण क्षयाचा चिकट स्राव साचतो तो नेमका तिथेच, मेंदूच्या तळाशी. धमन्या सुजतात, अरुंद होतात. आणि कड्यातून निघणाऱ्या बारीक फांद्यांना दुसरी वाट नसते. शरीराच्या जेमतेम दोन टक्के वजनाचा मेंदू एकूण प्राणवायूतला वीस टक्के खातो; त्याला उपास सोसत नाही.

"त्या एका रात्रीमुळे का हो?" मी त्या डॉक्टरीणबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "असं कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी धीर दिला की खरे सांगितले, ते मला आजतागायत कळलेले नाही.

हात आता पुष्कळ सुधारला आहे. वही धरता येते. बाबा जाळे सांधायला बसले की तो डाव्या हाताने कड धरतो, ती मधूनच निसटते, तो पुन्हा धरतो.

आणि ओट्यावरच्या त्या वाक्याला आता नाव मिळाले आहे. "पाणी काढलं म्हणून हात गेला पोराचा," असे बायका म्हणतात. परवा मी तो जपून ठेवलेला कागद घेऊन ओट्यावर गेले. मेरुरज्जू कुठे संपतो, सुई कुठे जाते, सारे दाखवले. बायकांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "एवढं सगळं ठाऊक होतं, तर तेव्हा बापाची वाट का बघितलीस गं?"

मी कागदाची घडी घातली. ठाऊक नव्हते, एवढेच मला म्हणता आले.